सोहेल अब्बासचा ३४८ गोलांचा टप्पा आजचं कोण गाठेल? मदत हवी आहे

आंतरराष्ट्रीय हॉकीत सर्वाधिक गोलांचा विक्रम पाकिस्तानच्या सोहेल अब्बासकडे आहे, ३४८. सध्या खेळणाऱ्यांपैकी तिथे कोण पोहोचू शकेल याचा तक्ता करतोय. फक्त पुरुष, फक्त देशासाठीचे गोल. लीगचे आणि शूटआउटचे धरलेले नाहीत.

हरमनप्रीत सिंगचं पदार्पण २०१५ चं, २०० वा गोल सप्टेंबर २०२४ मध्ये. म्हणजे वर्षाला साधारण बावीस. याच वेगाने ३४८ गाठायला २०३१ उजाडेल, तेव्हा तो पस्तिशीत. ड्रॅगफ्लिकरला (पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत गोलात फेकणाऱ्याला) अशक्य नाही, पण पाठ आणि गुडघे टिकायला हवेत! टोकियो ऑलिंपिकमध्ये १४ गोल मारणारा बेल्जियमचा हेंड्रिक्सही यादीत आहे.

घोडं अडलंय ते गोन्झालो पेय्यातपाशी. २०१६ ला अर्जेंटिनाकडून ऑलिंपिक सुवर्ण, मग जर्मनीकडून २०२३ चा विश्वचषक. संघांची पानं आणि स्पर्धांचे अहवाल चाळले, पण सगळीकडे एकाच देशाचे गोल वेगळे दिसतात. एक्सेलमध्ये त्याच्या दोन ओळी झाल्यात.

अशा खेळाडूचे दोन्ही देशांचे गोल कारकिर्दीच्या विक्रमात एकत्र धरतात का? आणि हेंड्रिक्सचा सामनानिहाय हिशेब कुठे मिळेल?