प्री-६५ ट्रायल्स: जुन्या बुलेटवर कोणते बदल चालवून घ्यायचे?

कास्टआयर्न_दादर
नमस्कार मंडळी. पाऊस ओसरला की कर्जतकडच्या एका ओढ्यात आठ-दहा सेक्शनची (अडथळ्यांच्या टप्प्यांची) छोटी ट्रायल घ्यायची ठरतेय, म्हणजे न थांबता, पाय न टेकता दगड-पाण्यातून गाडी काढायची स्पर्धा. १९६५ पूर्वीच्या गाड्यांचा वेगळा वर्ग ठेवायचा आहे. आपल्याकडे येणार त्या मुख्यतः कास्ट आयर्न ३५० बुलेट आणि एखाद-दुसरी जावा. डिस्क ब्रेक आणि मोनोशॉक (मागे एकच शॉक ॲब्सॉर्बर) बाद, यावर एकमत आहे. अडतंय ते पुढे. आरसी बुकातलं साल बघायचं की गाडीची रचना? गिअरिंग किती खाली आणू द्यायचं? इलेक्ट्रॉनिक इग्निशनला परवानगी द्यायची का? तपासणीला जाणकार माणूस एकच असेल, त्यामुळे फूटपट्टी आणि फीलर गेजवर तपासता येईल असं सांगा.

घाटवाट
साल नको, रचना बघा. बुलेटचा स्विंगआर्मवाला (मागचं चाक झुलत्या दांड्यावर असलेला) नमुना १९४८ च्या इंग्लंडमधल्या कोलमोर ट्रायलमध्ये उतरला होता. ७० × ९० मिमीचं तेच ३४६ सीसी इंजिन आपल्याकडे पुढे कितीतरी दशकं बनत राहिलं. म्हणजे १९८० ची बुलेटसुद्धा रचनेने त्याच काळातली. ६५ ची रेघ आली ती बुलटाको या स्पॅनिश कंपनीमुळे. ट्रायल्सपटू सॅमी मिलरने १९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल त्यांच्या हलक्या टू-स्ट्रोक शेर्पावर जिंकली आणि जड फोर-स्ट्रोकचे दिवस संपले. हा वर्ग त्या जड गाड्यांसाठी आहे, हे लक्षात ठेवलं की बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

रंग, बॅज, टाकीवरच्या पट्ट्या यात वेळ घालवू नका. खरा फायदा घेतला जातो फ्रेमच्या हेडमध्ये (फोर्क जिथे फिरतो त्या नळीत) आणि फोर्कच्या पोटात. हेड कापून दोन-तीन अंश उभं केलं की पुढचं चाक हलकं वळतं, आणि रंग मारल्यावर नजरेला काहीच कळत नाही. म्हणून गाडी सपाट फरशीवर सरळ उभी करा, फोर्कच्या नळीला अँगल गेज लावा आणि तोच आकडा न छेडलेल्या बुलेटवर घेऊन ताडून पाहा. दोन्हींना टायर सारख्याच मापाचे हवेत, नाहीतर आकडा फसवतो. व्हीलबेसही मोजा. मूळ साधारण १३७० मिमी आहे, चेन ताणण्याइतका फरक सोडून द्या.

फोर्कमध्ये स्प्रिंग आणि तेल कुठलंही चालू द्या. जुन्या नळीत आजचं कार्ट्रिज (धक्के शोषणारा बंद संच) मात्र नको. वरचा नट उघडायला सांगितला की आत काय आहे ते दिसतं. नट उघडू न देणाऱ्याला दुसऱ्या वर्गात पाठवा.

परळचा_लेथ
गिअरिंग खुलं ठेवा. त्या काळीही प्रत्येक जण बदलायचाच. बुलेटची अडचण अशी की मागचं ३८ दाती स्प्रॉकेट ड्रमच्याच ओतकामात आहे. पुढचं १६ चं असेल तर प्रमाण २.३८ पडतं. पुढे १४ टाकलं तर २.७१, म्हणजे ओढ १४ टक्के वाढते. यात खर्च कमी, पण लहान चाकावर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते.

नीट करायचं तर ड्रमवरचे दाते लेथवर उतरवून बैठक काढा आणि ४८ दाती रिंग बोल्टने बसवा. १६-४८ ला बरोबर ३ येतं. रिंग वेल्ड करू नका. ओतीव लोखंड वेल्डच्या शेजारी कडक होतं आणि पहिल्याच दगडी धक्क्यात चीर जाते. काम झाल्यावर डायल गेज लावा, ०.२ मिमीपेक्षा जास्त डगमग नको. चेनगार्ड आणि स्विंगआर्मला रिंग घासत नाही ना, तेही बघा.

ब्रेकसाठी शू ड्रमच्या मापाने टर्न करून घ्या, कॅमखाली अर्ध्या मिमीची पट्टी ठेवून. तसं केलं की लायनर टोकाला न टेकता मधोमध बसतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. ओढ्यातून निघाल्यावर ड्रम ओला असतो, तेव्हा चालू गाडीत ब्रेक हलका दाबून वाळवायचा आणि मगच पुढच्या सेक्शनला लागायचं. बोल्ट बदलताना मूळ आटे सांभाळा. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात बीएसएफचे (जुन्या ब्रिटिश बारीक आट्यांचे) नट-बोल्ट मागून बघा, मेट्रिक ठोकून बसवू नका.

मॅग्नेटो_मुलुंड
वरचं सगळं पटलं. इग्निशनबाबत मात्र मी कडक राहीन. ते दिसत नाही म्हणून चालू द्या, असं म्हणणारे बरेच भेटतील. पण ट्रायल्समध्ये सगळा खेळ आयडलच्या जरा वरच्या आरपीएमचा. तिथे आखीव ॲडव्हान्सची (ठिणगी किती आधी पडायची ते ठरवणारी) इलेक्ट्रॉनिक पेटी गाडी बंद पडू देत नाही. एरवी गाडी बंद पडून थेट ५ दंडगुण बसले असते, तिथे चालक एकदा पाय टेकून एका दंडगुणात सुटतो.

मधला मार्ग आहे: पॉइंटच्या (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या) जागी इलेक्ट्रॉनिक ट्रिगर चालेल, पण खालची बॉबवेटवाली (वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या वजनांची) ॲडव्हान्स युनिट जागेवर आणि काम करणारी हवी. कव्हर काढा, कॅम बोटाने फिरवून सोडा, तो झटकन परत आला पाहिजे. अडकत असेल तर पावसाळ्यात पिनला गंज चढलाय. तशी गाडी आयडललाच ॲडव्हान्स राहते आणि किक उलटी मारते, घोटा मोडेल. पिन साफ करून तेलाचा एकच थेंब द्या. जास्त दिलं तर ते उडून पॉइंटवर जातं.

पॉइंट ठेवणाऱ्यांनी गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवावा. टायमिंगसाठी ॲडव्हान्स युनिट पूर्ण मिटलेली ठेवून, पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी अलीकडे असताना पॉइंट उघडायला लागावेत. आधी गॅप, मग टायमिंग. उलट केलंत तर टायमिंग पुन्हा करावं लागेल.

कास्टआयर्न_दादर
ट्रिगरचा तोडगा नियमात घेतो. टायर राहिले. १९ इंची रिमवर हवा किती?

घाटवाट
ट्रायल्स पॅटर्नचा ४.००-१९ मागे लावा. बुलेट जड आहे आणि आत ट्यूब आहे, म्हणून मागे ८, पुढे ९ पीएसआयपासून सुरू करा. अर्धा-अर्धा उतरवत जा, रिम दगडाला लागल्याचा आवाज आला की अर्धा परत भरा. एवढ्या कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटतो, त्यामुळे मागे रिमलॉक (टायर रिमला पकडून ठेवणारा क्लॅम्प) हवाच. व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळू नका, वर टोपीजवळ सैल ठेवा. सेक्शनमधून बाहेर आल्यावर व्हॉल्व्ह तिरका दिसला तर तिथेच थांबून टायर सरळ करा.