मदत हवी आहे : घरी केलेल्या खोक्यात सिंथचे मॉड्युल बसत नाहीत

भटका_ऑसिलेटर : मॉड्युलर सिंथसाठी (सुटे मॉड्युल जोडून केलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य) सुताराकडून सागवानी खोकं करून घेतलंय, दोन मजली. काम झकास झालंय, आत आडव्या पट्ट्याही मारून दिल्यात. पण मॉड्युल पक्के बसत नाहीत. बाहेरून रेल (मॉड्युल स्क्रूने बसवायची धातूची पट्टी) मागवली तर कस्टमसकट खोक्यापेक्षा महाग पडते. इथेच मिळेल असं काही सुचवा. शनिवारी जॅमिंग आहे, लवकर सांगा.

पेठकर_काका : बसत नाहीत म्हणजे नक्की काय? स्क्रू धरत नाही की अंतर चुकलंय? आणि मॉड्युलचं माप कुठलं, छोटं युरोरॅक की मूग कंपनीच्या सिंथचं मोठं ५ यू?

भटका_ऑसिलेटर : युरोरॅकच हो, दुसरं इथे कुणाकडे असणार! स्क्रू धरत नाही.

लाकूडतोड्या : सागवान आहे ना, मग सरळ लाकडाचे स्क्रू मारा. आधी २ मिमीचं भोक पाडा, ३ मिमीचा स्क्रू बसतो. माझं खोकं असंच आहे, हूं की चूं नाही.

आटेदार : तुम्ही मॉड्युल बदलत नसाल. युरोरॅकवाला आज घेतो, दिवाळीला विकतो. चार वेळा स्क्रू काढला-घातला की लाकडातलं भोक सैल. त्यापेक्षा ३ मिमी जाड अॅल्युमिनियमचा अँगल घ्या, खिडक्या करणाऱ्याकडे तुकडा मिळतो. २.५ मिमीचं ड्रिल मारून एम३चा (३ मिमी स्क्रूचा) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवा. थोडं रॉकेल लावायचं, अर्धा फेरा पुढे, पाव मागे, नाहीतर टॅप आत मोडतो आणि बसा मग बोंबलत. वरच्या-खालच्या भोकांत मध्यापासून मध्यापर्यंत १२२.५ मिमी.

लाकूडतोड्या : ८४ एचपीच्या (एचपी हे मॉड्युलच्या रुंदीचं माप) दोन ओळींना किती भोकं पाडायची ते मोजलंत का? शनिवार कुठला, गुढीपाडवा उजाडेल.

आटेदार : जेवढे मॉड्युल तेवढीच पाडायची. मॉड्युल ठेवा, खूण करा, पाडा.

नादखुळा : हा सगळा खटाटोप कशाला? लॅपटॉपवर व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलर सिंथचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे.

वायरमन_पुणे : पॉवरचं कुणीच बोलत नाहीये. रिबन केबलची लाल कड -१२ व्होल्टकडे. उलटी लावलीत तर मॉड्युल गेला समजा. आणि अँगल घेतलात तर त्याला अर्थिंग करा.

भटका_ऑसिलेटर : पॉवर व्यवस्थित आहे, ते विचारलंच नव्हतं. स्क्रू लांब घेतला तर धरेल का? कारण पॅनल पट्टीला टेकतच नाही, मध्ये बोट जाईल एवढी फट राहते.

पेठकर_काका : अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं! पट्टी किती रुंद आहे?

भटका_ऑसिलेटर : एक इंच.

पेठकर_काका : मग मागचा सर्किट बोर्ड पट्टीवर अडतोय. पॅनलची उंची १२८.५ मिमी, बोर्ड साधारण ११० पर्यंत. म्हणजे वरखाली जेमतेम ९ मिमी मोकळे. पट्टी तेवढीच आत यायला हवी. लांब स्क्रूने आवळू नका, पॅनल वाकेल नाहीतर बोर्ड तडकेल. अँगल घेतलात तरी हाच हिशोब. आणि खोली किती ठेवलीय? केबलचं टोक धरून काही मॉड्युलना ६ सेंमी लागतात.

लाकूडतोड्या : पट्टी तासून घ्या, रंधा मारला की काम झालं. लाकूडच बरं!

आटेदार : ९ मिमीच्या काठीत स्क्रू मारा, उभी चीर जाते की नाही बघा.

जुनी_टेप : विषयांतराबद्दल क्षमस्व, पण १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथ बसवून दिला होता. त्याला तरी खोकं आयतंच आलं असणार!

नादखुळा : तो आता चालतो का?

भटका_ऑसिलेटर : मूग राहू द्या हो. टॅप कुठे मिळेल?

आटेदार : बोहरी आळीत. तीन टॅपचा सेट मिळतो, तोच घ्या.

भटका_ऑसिलेटर : धन्यवाद. सुताराला पट्ट्या काढायला फोन केला. तो विचारतोय, ९ मिमी म्हणजे किती सूत?

पेठकर_काका : तीन सुताला किंचित कमी. पण सूत सांगूच नका, मॉड्युल त्याच्या हातात द्या.