राणीच्या बागेचं तिकीट काढलं म्हणजे संवर्धन झालं?

ठाणेकर_पूर्व: सुट्टी लागली की आमच्या सोसायटीतले सगळे राणीच्या बागेत, म्हणजे मुंबईतल्या भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात, आणि आल्यावर 'पोरांना निसर्ग दाखवला'. करमणूक आहे, करमणूक म्हणा! २०१६ मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. भायखळ्यात जन्मलेलं पिल्लू त्या समुद्रात कधी पोहणार आहे का?

ऐरोलीची_माई: राग पेंग्विनवर आणि शिक्षा सगळ्यांना! अरबी ऑरिक्स, म्हणजे लांब शिंगांचा हरणासारखा वाळवंटी प्राणी, १९७२ मध्ये रानातून संपला होता. अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात कळप राखला होता, म्हणून १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडता आला. आपल्याकडे दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयाने २००३ मध्ये लाल पांडाच्या दोन माद्या सिंगलिलाच्या जंगलात सोडल्या.

ठाणेकर_पूर्व: दोनच ना, माई? आणि ओमानची पुढची गोष्ट गाळलीत. तिथे शिकार सुरू झाली, कळप घटला, सरकारने अभयारण्यच छाटलं आणि २००७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीतून काढून टाकलं. रानच राहिलं नाही तर सोडणार कुठे? शिवाय फिनिक्सचं पुण्य भायखळ्याच्या खात्यावर कसं?

कळवा_स्लो: ताडोबाचा खर्च सगळ्यांना झेपत नाही हो. राणीच्या बागेचं तिकीट २०१७ ला ५ वरून ५० रुपये झालं तेव्हाच घरात हिशेब करावा लागला. माझ्या पोराने खरा वाघ बागेतच पाहिला. बस.

येऊरवाला: आणि आमच्या येऊरला, ठाण्याजवळच्या जंगलात, बिबट्या दिसला की हेच पालक वनखात्याला फोन लावतात, 'पकडून न्या'. पिंजऱ्यातच बघायची सवय लागली की मोकळा बिबट्या चुकीच्या जागी आहे असं वाटणारच. त्यापेक्षा पोरांना ऐरोलीहून बोटीने खाडीत न्या, रोहित (फ्लेमिंगो) पक्षी दाखवा. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, घराशेजारी!

ऐरोलीची_माई: मी खाडीकाठीच राहते, दादा. बोटीचं भरतीच्या वेळेवर अवलंबून, आणि पावसाळ्यात रोहित असतात कुठे? शिवाय रोहितांचे फोटो काढून झाले की वेफर्सची पाकिटं तिथेच टाकणारे महाभाग रोज बघते. माणूस तोच, मग बाग असो की खाडी.

ठाणेकर_पूर्व: पाकिटांचं मान्य. पण माझी मागणी साधी आहे: तिकिटातले किती पैसे कुठल्या जंगलावर खर्च झाले ते फाटकावर लिहा. शंभर रुपये देईन, कुरकुर न करता.

कळवा_स्लो: तुम्ही द्याल हो. आम्हाला पन्नासच राहू द्या.