कॉपीराइट माझाच, मग लायसन्स एमआयटी की एजीपीएल?

अक्षरवेडा:
जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी माझी लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रामांत वापरता येणारा तयार कोड) ओपन सोर्स करतोय, म्हणजे कोणालाही वाचता, वापरता, बदलता येईल अशी खुली. ‘ओपन सोर्स केलंस की हक्क गेला’ असं मित्र सांगतात. ते साफ चूक आहे. लायसन्स ही वापराची परवानगी, मालकी माझ्याकडेच राहते. आपल्या १९५७ च्या कायद्यातही हक्क सोपवणं कलम १८-१९ मध्ये आणि परवाना देणं कलम ३० मध्ये, असं वेगवेगळं आहे. माझा कल एजीपीएल या लायसन्सकडे आहे. त्यात कोणी कोड बदलून सर्व्हरवर चालवला, तरी तो बदललेला कोड वापरणाऱ्यांना उपलब्ध करावा लागतो. ज्या कंपनीला हे नको, तिने माझ्याकडून वेगळा सशुल्क परवाना घ्यावा.

सह्यकडा:
माझा विरोध. एजीपीएल दिसलं की कित्येक कंपन्या कोडला हात लावत नाहीत, गूगलने तर तसं धोरणच जाहीर केलंय. मराठीची साधनं आधीच थोडी, त्यात ही अडवणूक कशाला? एमआयटी लावा, त्यात बदललेला कोड खुला करण्याची अट नाही. तुमची कॉपीराइटची ओळ प्रत्येक प्रतीत ठेवावी लागतेच. पेटंटची काळजी असेल तर अपाची २.० घ्या, तेही तसंच मोकळं लायसन्स आहे, वर त्यात पेटंटची परवानगीही लिहिलेली असते.

अक्षरवेडा:
नाव राहील हो, पण सुधारणा परत येणार नाहीत. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, रफार नंतर. जोडाक्षर आलं की दोन्ही भलतीकडे जातात. हे दुरुस्त करणं हेच खरं काम आहे, आणि ते कोणीतरी कपाटात बंद करून ठेवणार.

जुनीजाणती:
पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवणाऱ्याचं काय? त्याच्या ओळींचा कॉपीराइट त्याचाच. बाहेरचे पॅच आले की सशुल्क परवाना तुम्हाला एकट्याला देता येणार नाही, त्यासाठी सीएलएवर, म्हणजे पॅच देणाऱ्याने आपला कोड वापरायचे हक्क तुम्हाला देण्याच्या करारावर, सह्या घ्याव्या लागतील. मला ते मान्य नाही. हाशीकॉर्प या कंपनीने सीएलए घेतलं होतं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आपलं टेराफॉर्म हे सॉफ्टवेअर एमपीएल या खुल्या लायसन्सवरून बीएसएल या व्यावसायिक वापरावर बंधनं घालणाऱ्या लायसन्सवर नेलं. लोकांना जुन्या खुल्या कोडवरून ओपनटोफू नावाने वेगळं सॉफ्टवेअर काढावं लागलं. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कॉपीराइट हजारोंत वाटलेला आहे, त्यामुळे तिथलं जीपीएल हे लायसन्स कोणी एकटा बदलू शकत नाही. मला तो भरवसा मोलाचा वाटतो.
आणि नोकरीत असाल तर करार आधी वाचा. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळं ठरलं नसेल तर, त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार कंपनीचा.

अक्षरवेडा:
कोड नोकरीबाहेरचा आहे, करारही तपासलाय. सीएलए घेईन, पण स्वीकारलेला प्रत्येक पॅच एजीपीएलखालीही खुला राहील, हे त्यातच लिहून देईन.

सह्यकडा:
रफाराच्या दोन ओळी दुरुस्त करायला कोण करारावर सही करेल? एमआयटीवर असता तर मी आजच पाठवल्या असत्या.