'ड्वार्फ'ला मराठीत काय म्हणावे?

अंत्रुजवासी :
आमच्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी मी संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांविषयी एक लेख लिहायला घेतला आहे आणि तो आठवडाभर एका शब्दापाशी अडून बसला आहे. या खेळांत आरंभीच आपले पात्र घडवावे लागते आणि मानव, एल्फ (टोकदार कानांचे, सडपातळ अद्भुत लोक), ड्वार्फ (डोंगरात राहणारे आखूड, दणकट, दाढीवाले कारागीर) अशा वंशांतून बहुतेक जण मानव किंवा एल्फ घेतात. २०२३ साली 'बाल्डर्स गेट ३' हा असाच खेळ आला तेव्हा निर्मात्यांनी सुरुवातीच्या दिवसांची जी माहिती दिली, तीतही अर्धएल्फ, मानव आणि एल्फ हेच आघाडीवर होते. ड्वार्फ घेणारे थोडे असतात, पण जे घेतात ते खेळ बदलला तरी पुन्हा ड्वार्फच घेतात, आणि ते असे का करतात हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

लहानपणी 'हिमगौरी आणि सात बुटके' ऐकलेले असल्यामुळे मी सगळीकडे निःशंकपणे 'बुटका' लिहिले. माझी भाची बारावीत असून ती गेली तीन वर्षे प्रत्येक खेळात ड्वार्फ स्त्रीच घेते. तिने कच्चा मजकूर वाचायला नेला आणि परत आणून दिला, तेव्हा 'बुटका' हा शब्द प्रत्येक ठिकाणी शिसपेन्सिलीने खोडलेला होता व शेवटच्या पानाच्या कडेला लिहिले होते, "मामा, ती बुटकी आहे म्हणून मी तिला घेत नाही. ती हलत नाही म्हणून घेते." शत्रूने कितीही रेटले तरी ती जागा सोडत नाही, असा त्याचा अर्थ तिने मागाहून सांगितला. आता मला असा मराठी शब्द हवा आहे, जो वाचल्यावर वाचकाच्या मनात आधी उंची येणार नाही. असा शब्द आहे का?

शब्दवेध :
आपल्याकडे शब्दांची वाण नाही. बुटका, ठेंगणा, ठेंगू, गिड्डा, खुजा, खर्व, वामन, बटू हे सगळे आहेत, मात्र त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. 'खुजा' संस्कृत 'कुब्ज'वरून प्राकृत 'खुज्ज' होऊन आला, म्हणजे मुळात तो कुबड्याचा वाचक आहे, आणि आज 'खुजे नेतृत्व' म्हणताना आपण तो कोत्या मनासाठी वापरतो, म्हणून तो बाद करावा. 'ठेंगणा' तुलनेसाठी बरा आहे, 'आकाश ठेंगणे झाले' असे आपण म्हणतोच, पण ते विशेषण आहे, जातिवाचक नाम नव्हे. खगोलशास्त्रावर मराठीत लिहिणाऱ्यांनी हाच प्रश्न पूर्वी सोडवलेला आहे. त्यांनी 'व्हाइट ड्वार्फ' या ताऱ्यांच्या प्रकारासाठी 'श्वेत बटू' हा शब्द रूढ केला आणि २००६ साली प्लूटोचे ग्रहपद गेले तेव्हा 'बटुग्रह' हा शब्दही विनासायास मिळाला. एकाच इंग्रजी शब्दासाठी शास्त्रात एक आणि खेळात दुसरा प्रतिशब्द कशासाठी? माझी पहिली पसंती 'वामन'ला आणि दुसरी 'बटू'ला आहे. परका शब्द जसाच्या तसा उचलणे ही मात्र शेवटची वाट असावी.

खाणवाट :
मी डिचोलीचा असून वीस वर्षे हे खेळ खेळतो आहे, त्यामुळे वापरातली भाषा काय आहे ते सांगतो. आमच्यात कोणी 'मी ड्वार्फ झालो' म्हणत नाही, सगळे 'मी ड्वार्फ घेतला' असेच म्हणतात, जसे दशावतारात सोंग घेतात तसे. शब्द मराठी प्रत्यय घेऊन नीट चालतो आहे : ड्वार्फाला, ड्वार्फांनी, ड्वार्फाची कुऱ्हाड. जो शब्द विभक्ती घेतो तो आपला झाला, असे मी मानतो. उलट साडेतीनशे वर्षे जगणाऱ्या, छातीवर दाढी रुळणाऱ्या लोहाराला 'बटू' म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर मुंजीतला, लंगोटी नेसून भिक्षावळ मागणारा मुलगा उभा राहतो.

निवडीविषयी विचारले आहे, म्हणून माझे कारण सांगतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली आला. त्यात ड्वार्फांचे आयर्नफोर्ज हे शहर डोंगराच्या पोटात आहे. बाहेरच्या बर्फातून महाद्वार ओलांडून आत जावे आणि मध्यभागी वितळलेल्या धातूच्या उजेडात धगधगणारी प्रचंड भट्टी दिसावी, हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ पात्र तिथेच उभे करून ठेवले होते. माझे वडील खनिजाचा ट्रक चालवत असत. आमच्या गावात खाण म्हणजे लाल धूळ, लाल झालेली झाडे आणि महिन्याचा पगार, आणि २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा तो पगारही गेला. जमिनीखाली काम करणाऱ्यांचा एक आख्खा मानी वंश असू शकतो, त्यांना स्वतःचे राजे आणि स्वतःची गाणी असू शकतात, हे मला त्या खेळाने दाखवले. काहींनी ड्वार्फ फायद्यासाठी घेतला हेही खरे आहे, कारण सुरुवातीच्या काळात भीती परतवणारा मंत्र आमच्या बाजूला फक्त ड्वार्फ पुरोहितांकडे होता आणि ओनिक्सिया या ड्रॅगनसमोर उभे राहायचे तर असा पुरोहित प्रत्येक जथ्याला हवा असे. पुढे तो मंत्र सगळ्याच पुरोहितांना मिळाला आणि फायद्यासाठी आलेले निघून गेले. मी राहिलो.

कुळागर :
'ठेंगू'ला आपण फार लवकर सोडून दिले, असे मला वाटते. आमच्याकडे माडांचे दोनच प्रकार सांगतात, उंच आणि ठेंगू. बाणावली हा उंच माड आहे, तो पाडेली चढल्याशिवाय पाडता येत नाही आणि सहा-सात वर्षांनी लागतो. केरळातून आलेला चौघाटचा नारिंगी ठेंगू तीन-चार वर्षांत लागतो. माझ्या विहिरीजवळच्या ठेंगू माडाची शहाळी माझी आई खाली उभी राहून कोयत्याने उतरवते. बागायतदाराच्या तोंडी 'ठेंगू' हा शब्द हिणवण्यासाठी कधीच येत नाही, तो जात सांगतो, आणि आपल्याला नेमका जात सांगणारा शब्द हवा आहे. शिवाय व्याकरणाची एक सोय आहे. ठेंगू पुरुष, ठेंगू बाई, ठेंगू मूल, कुठेही रूप बदलत नाही, तर 'वामन'चे स्त्रीलिंग करायला गेलात तर अंत्रुजवासी यांची भाची पुन्हा पेन्सिल उचलील.

माझ्या मते हा शब्द 'ठेंगा' म्हणजे आखूड, जाड सोटा यावरून आला असावा. आखूड, जाड आणि न वाकणारा, याहून ड्वार्फाचे चांगले वर्णन कोणते?

शब्दवेध :
'ठेंगा' आणि 'ठेंगू' यांचे नाते दिसायला सोपे आहे, पण ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी करू नये. 'ठेंगा' म्हणजे अंगठा असाही अर्थ आहे आणि 'ठेंगा दाखवणे' आपण त्याच अर्थाने म्हणतो, मग सोटाच का धरावा?

खाणवाट यांच्या लेखनामुळे मला दुसरी एक वाट दिसली. नॉर्स पुराणकथांतील 'द्वेर्ग' हे या खेळांतील ड्वार्फांचे पूर्वज आहेत आणि त्या कथांत त्यांची ओळख उंचीवरून होत नाही, ती होते कारागिरीवरून, थोर या देवाचा हातोडा त्यांनीच घडवला. असे डोंगरात राहणारे, धन राखणारे लोक आपल्या परंपरेत आहेत आणि त्यांना 'गुह्यक' म्हणतात. ते कुबेराचे सेवक आहेत, आणि यक्षांच्या मूर्ती आपल्याकडे कित्येकदा आखूड, पोट सुटलेल्या आणि दणकट घडवलेल्या असतात. पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेली यक्षाची मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, ती इसवी सनापूर्वीची आहे. तिच्या हातावर कोरले आहे की ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली. ठेंगण्या यक्षाची मूर्ती, तीही सोनाराने घडवलेली आणि मराठी मुलखातली, यानंतर आपण आयात केलेल्या शब्दावर समाधान मानावे हे मला पटत नाही. मी 'वामन' मागे घेतो आणि 'गुह्यक' सुचवतो.

सांजवेळ :
मी सहसा लिहीत नाही, पण येथे मला लिहावेसे वाटले. माझी उंची चार फूट तीन इंच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रौढ वयातली १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची ही एक स्वतंत्र नोंद आहे आणि तिच्यात मी येते. 'बुटकी', 'गिड्डी' आणि 'ठेंगू' हे तिन्ही शब्द मी शाळेच्या व्हरांड्यात ऐकलेले आहेत, म्हणून कुळागर यांना नम्रपणे सांगते की माडासाठी जो शब्द गोड असतो तो मुलीसाठी तसाच राहत नाही.

मीही हे खेळ खेळते. सुरुवातीला मी मुद्दाम उंच एल्फ घेत असे, कारण घराबाहेर जे मिळत नाही ते पडद्यावर तरी मिळावे अशी इच्छा होती. मग एका मैत्रिणीने 'डीप रॉक गॅलॅक्टिक' दाखवला. तो भूमिकाप्रधान खेळ नव्हे, नेमबाजीचा आहे, पण त्यात चौघेही खेळाडू ड्वार्फच असतात आणि परग्रहाच्या पोटात खनिज खणतात. त्या गुहांत माझ्या शेजारी उभा असलेला प्रत्येक जण माझ्याएवढाच होता. कोणाला मान वर करून पाहावे लागत नव्हते, कोणी खाली वाकून बोलत नव्हते. उंचीचा शब्द तुलनेतून जन्मतो. जिथे सगळेच तेवढे आहेत तिथे ते स्वतःला 'बुटके' कशाला म्हणतील? त्यांच्या तोंडी शोभेल असे त्यांचे स्वतःचे नाव शोधा, एवढेच माझे म्हणणे आहे. ते नाव 'ड्वार्फ' असले तरी मला चालेल, कारण त्या शब्दाने मला शाळेत कोणी हाक मारली नव्हती.

कुळागर :
सांजवेळ, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. 'ठेंगू' मी माडापुरता ठेवतो.

मांडवीकाठ :
माझा प्रश्न थोडा पुढचा आहे. नाव ठरेल तेव्हा ठरेल, पण त्यांचे बोलणे मराठीत कसे आणायचे? इंग्रजी खेळांत ड्वार्फ पुष्कळदा स्कॉटिश वळणाने बोलतात. ते प्रमाण मराठीत घातले तर त्याचा कणा जाईल. माझ्या मते ड्वार्फांना मालवणी किंवा पेडण्याकडची बोली द्यावी. ती रोखठोक आहे, तिच्यात माया आहे आणि शिवी सुद्धा आहे.

खाणवाट :
याला मात्र माझा विरोध आहे. एल्फांनी पुण्याचे प्रमाण मराठी बोलावे आणि दाढीवाल्या, दारू पिणाऱ्या, भांडणाऱ्या ड्वार्फांनी आमची बोली बोलावी, ही वाटणी नाटक-सिनेमांनी पूर्वीच करून ठेवलेली आहे आणि तिचा आम्हांला कंटाळा आला आहे.

मांडवीकाठ :
मी बोली हिणवण्यासाठी सुचवली नव्हती. मी स्वतः घरी तीच बोलतो आणि मला सर्व पात्रांत ड्वार्फच सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून त्याला माझी भाषा द्यावीशी वाटली. आपल्या जवळच्या माणसाला आपली बोली देणे हा अपमान कसा होईल? मग एल्फांनाही तीच द्या, माझी हरकत नाही.

शब्दवेध :
बोलीचा वाद महत्त्वाचा आहे, पण धागा शब्दाचा आहे. 'गुह्यक'विषयी कोणीच काही म्हटले नाही.

खाणवाट :
शब्द सुंदर आहे आणि पितळखोऱ्याची माहिती मला नवी होती, त्याबद्दल आभार. पण खेळताना, सहा जण एकाच वेळी बोलत असताना, 'गुह्यकाला मागे घ्या, त्याला जखम झाली आहे' असे कोणाच्या तोंडून निघणार नाही. वापरात न येणारा शब्द कोशात ठेवण्यापुरताच उरतो.

शब्दवेध :
'बटुग्रह'ही कोणाच्या तोंडी नव्हता. लिहिणाऱ्यांनी लिहिला, म्हणून तो आला. लेखकाने आधीच माघार घेतली तर वापर कुठून सुरू होणार?

अंत्रुजवासी :
सर्वांचे आभार. भाचीला मी हे सगळे वाचून दाखवले. सांजवेळ यांचे लेखन तिने पुन्हा एकदा स्वतः वाचले आणि बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने मला नियमांतली एक गोष्ट दाखवली, जी मला लेखात घालायची आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या भूमिकाप्रधान खेळाच्या २००३ सालच्या सुधारित आवृत्तीत ड्वार्फ एका फेरीत वीस फूट चालत असे आणि मानव तीस, मात्र जड चिलखताने ड्वार्फाचा वेग कमी होत नसे. २०१४ च्या आवृत्तीत त्याचे पंचवीस फूट झाले, 'बाल्डर्स गेट ३'मध्येही मानवाच्या नऊ मीटरांसमोर ड्वार्फाचे साडेसात आहेत, आणि २०२४ च्या नव्या नियमांत तो मानवाइतकाच, तीस फूट चालतो. आखूड पायांची किंमत टप्प्याटप्प्याने काढून टाकली, तरी ड्वार्फ ड्वार्फच राहिला, तेव्हा उंची हे त्याचे सार नव्हतेच, असे तिचे म्हणणे आहे. 'एल्डर स्क्रोल्स' या खेळांच्या मालिकेचे उदाहरणही तिने दिले. त्यात ज्यांना लोक 'ड्वार्फ' म्हणतात ते स्वतःला 'ड्वेमर' म्हणवत, मुळात एल्फांचीच एक शाखा होते आणि बुटके अजिबात नव्हते.

लेख सोमवारी द्यायचा आहे. तूर्त मी पहिल्यांदा येईल तिथे 'ड्वार्फ' लिहून पुढे एक परिच्छेद गुह्यकांवर आणि पितळखोऱ्याच्या यक्षावर घातला आहे. 'बुटका' आता फक्त हिमगौरीच्या उल्लेखात उरला आहे आणि तोही ठेवावा की नाही, हे मला अजून कळलेले नाही.

सांजवेळ :
तो राहू द्या. गोष्टीचे नाव तेच आहे.

कुळागर :
शब्दवेध यांना एकच विचारायचे राहिले. 'ठेंगा' म्हणजे अंगठा हा अर्थ आधीचा की सोट्याचा? आमच्याकडे म्हातारी माणसे म्हशींमागे जाताना हातात जे धरत, त्यालाच ठेंगा म्हणत, आणि तो मी स्वतः हाताळलेला आहे.