गटाचं मत कसं बनतं याचं सिम्युलेशन करायचंय, कुठलं मॉडेल घेऊ?

ओवी_सातारा
नमस्कार मंडळी, एमए समाजशास्त्र दुसरं वर्ष, डिझर्टेशन बचत गटावर आहे. वर्षभर एका गटाच्या मीटिंगला बसतेय आणि दर वेळी तेच, कर्ज कुणाला द्यायचं विचारलं की सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात, मग पुढे बसलेल्या दोन मोठ्या बायका हात वर करतात, मग त्यांच्या शेजारच्या, आणि बघता बघता सगळे हात वर. घरी जाताना वाटेत मात्र त्यातल्याच तिघी-चौघी म्हणतात, मला काय पटलं नव्हतं बाई. हे कॉम्प्युटरवर करून बघायचंय. कोडिंग शून्य, हातात तीन महिने. मॅडम म्हणाल्या डेग्रूटचं मॉडेल घे. घेऊ का?

जुना_कोडर
ओवी, डेग्रूट (१९७४) चांगलंय पण तुझ्या कामाचं नाही. त्यात प्रत्येक जण आपलं मत म्हणजे इतरांच्या मतांची सरासरी करत जातो, कुणाचं किती ऐकायचं ते वजन आधीच ठरलेलं. पण हात अर्धा वर होत नाही ना! तुझं हो किंवा नाही असं आहे, तेव्हा ग्रॅनोव्हेटरचं थ्रेशोल्ड मॉडेल (१९७८) बघ. थ्रेशोल्ड म्हणजे आधी किती जणांनी केलेलं दिसलं की आपणही करतो, तो आकडा. त्याचंच उदाहरण सांगतो. १०० माणसं जमलीत, पहिला कुणाची वाट न बघता दगड मारतो, दुसऱ्याला एकाने मारलेला दिसला की पुरे, तिसऱ्याला दोघांनी, असं शेवटच्याला ९९. सगळे १०० मारतात. आता फक्त त्या दुसऱ्याला एकाऐवजी दोन दगड दिसायला हवेत असं कर. संपलं, दगड एकच पडतो. माणसं जवळपास तीच, निकाल पार उलटा. मला हे पहिल्यांदा स्क्रीनवर दिसलं तेव्हा त्या रात्री झोप नाही आली.

रेघ_मारणारी
कोडरदादांना अनुमोदन, पण ओवी, "पटलं नव्हतं" हे सोडू नकोस, खरं सोनं तिथंच आहे. प्रत्येक बाईला दोन आकडे दे, मनातलं एक आणि हाताचं एक. ॲश या मानसशास्त्रज्ञाच्या रेघांच्या प्रयोगात (१९५१ पासून; रेघांची लांबी जुळवायची, बाकीचा गट मुद्दाम चुकीचं उत्तर देतो) हेच दिसलं, उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं की लोक गटामागे खूप कमी गेले, आणि खरं बोलणारा एक जरी सोबतीला असला तरी दबाव एकदम उतरला. मग तुझ्या मॉडेलमध्ये एक बोलकी बाई मधोमध बसव, नंतर तीच कोपऱ्यात बसव आणि बघ.

जुना_कोडर
हे भारी. सॉफ्टवेअर नेटलोगो घे, फुकट आहे, ब्राउझरमध्येही चालतं. त्यातल्या तयार मॉडेलमध्ये सोशल सायन्सखाली व्होटिंग आहे, तिथून सुरुवात कर, स्क्रीनवरचा प्रत्येक चौकोन म्हणजे एक मतदार, तो आजूबाजूच्या आठांकडे बघून आपला रंग ठरवतो. एक रन बघून निष्कर्ष काढू नको, बिहेवियरस्पेस (नेटलोगोतलंच, मॉडेल आपोआप पुन्हा पुन्हा चालवणारं साधन) लावून तेच शंभर वेळा चालव, नाहीतर योगायोगालाच नियम समजशील. मेसा म्हणून असंच दुसरं साधन आहे, पण ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आहे, तीन महिन्यांत त्याच्या नादी लागू नको.

ओवी_सातारा
दादा, ताई, खूप खूप आभार, मॅडमना आजच दाखवते. एकच शंका, कोण कुठे बसली ते माझ्या वहीत चारच मीटिंगचं आहे, चालेल?

रेघ_मारणारी
चालेल. पण पुढच्या मीटिंगपासून पहिला हात कुणाचा, दुसरा कुणाचा, तो क्रम पण लिही, थ्रेशोल्डचा अंदाज त्यावरूनच बांधता येईल.