पहिलंच असेंबल: पंखे फिरतात, डिस्प्ले नाही, आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या

खानापूरकर_२१

नमस्कार मंडळी. घरी जोडलेला पहिलाच डेस्कटॉप आहे. पार्ट असे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर (बॉक्सात येतो तोच कूलर), बी ४५० चा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर ४ ३२०० रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). सगळं ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहे. बोर्ड हुबळीच्या एका दुकानात पडून असलेला जुना स्टॉक, पण सीलबंद होता आणि पावती आहे.

बटण दाबलं की सगळे पंखे फुल स्पीडला फिरतात, मॉनिटर मात्र 'नो सिग्नल'. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारके दिवे आहेत, त्यातला सीपीयूचा लाल दिवा लागून तसाच राहतो. कीबोर्डचा नम लॉकही लागत नाही. रॅम एक-एक करून लावली, बॅटरी काढून सीमॉस क्लिअर केलं (बोर्डाच्या सेटिंग्ज पुसल्या). फरक शून्य. केबल कार्डालाच लावलीय, बोर्डाला नाही.

दुसरी गोष्ट, कॅबिनेटच्या मागच्या उघड्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात. फरशीवर अनवाणी असलो की जास्तच. दोन्हीचा काही संबंध आहे का? प्रोसेसर गेला म्हणायचा का?

दुसरं_रेल्वेगेट

प्रोसेसर गेला असं एवढ्यात म्हणू नका. जुना स्टॉक बी ४५०, त्यावर ५६००, आणि सीपीयूचा दिवा अडकलेला, एवढ्यावरून माझं बोट आधी बायोसकडे (बोर्डावरच्या चिपमधलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) जातं. बी ४५० बोर्ड बाजारात आले जुलै २०१८ मध्ये, ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये. मधल्या काळात दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाच्या बायोसला हा प्रोसेसर माहीतच नसतो. वीज मिळाली म्हणून पंखे फिरतात, पण बोर्ड पहिल्याच पायरीवर थांबतो, रॅम तपासण्यापर्यंत जातच नाही. म्हणून रॅम कितीही बदलली तरी दिवा तोच राहणार.

खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असं स्टिकर आहे का बघा. नसेल तर बायोसच्या चिपवर किंवा खोक्याच्या बारकोडजवळ बायोसची आवृत्ती छापलेली असते का ते शोधा. कंपनीच्या साईटवर तुमच्या मॉडेलचं 'सीपीयू सपोर्ट' पान उघडा, तिथं प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान कोणती आवृत्ती लागते ते दिलेलं असतं. मॉडेलसोबत बोर्डाचा रिव्हिजन नंबरही जुळवा, एकाच नावाच्या दोन रिव्हिजनची फाईल वेगळी असू शकते.

बायोसमागे लागण्याआधी एक मात्र बघाच: प्रोसेसरची वीज. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनचं सॉकेट असतं, त्यात ४+४ अशी दुभंगणारी केबल जाते, तिच्यावर बहुतेक 'सीपीयू' छापलेलं असतं. ६+२ वाली केबल ग्राफिक्स कार्डाची. दोन्हींची ठेवण वेगळी आहे, एक दुसरीत बसत नाही. बसवायला जोर लावावा लागत असेल तर तुम्ही चुकीची केबल धरलीय. ही सीपीयूची केबल सुटलेली असली तरी २४ पिनच्या जोरावर पंखे मस्त फिरतात, आणि माणूस तिथंच फसतो. कुठल्या दुसऱ्या मॉड्युलर एसएमपीएसची केबल उसनी घेऊन लावू नका, एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना कंपनीगणिक बदलते. पार्ट जळतात.

झिणझिण्यांचा आणि डिस्प्लेचा संबंध नाही. पण दुर्लक्ष करू नका, त्यावर शहापूरचे वायरमन बोलतीलच.

निपाणी_सोल्डर

वरच्याशी सहमत. आता पुढचं.

बोर्डाच्या मागे यूएसबीच्या शेजारी बारकं फ्लॅशबॅकचं (पेन ड्राईव्हवरून थेट बायोस लिहायचं) बटण असेल तर काम सोपं, प्रोसेसर काढायचीही गरज नाही. ३२ जीबीपर्यंतचा पेन ड्राईव्ह एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट करा, बायोसची फाईल झिपमधून काढून थेट बाहेर ठेवा, फोल्डरात नको. फाईलला मॅन्युअलमध्ये दिलंय तेच नाव द्या, एक अक्षर चुकलं तरी बोर्ड फाईल ओळखत नाही. २४ पिन आणि ८ पिन दोन्ही लावलेल्या, एसएमपीएसचं मागचं बटण चालू, मशीन बंद. पेन ड्राईव्ह खूण केलेल्याच पोर्टात. बटण ३ ते ५ सेकंद दाबून धरा, दिवा लुकलुकायला लागला की सोडा. पाच-दहा मिनिटं लागतात. दिवा थांबेपर्यंत काहीही हलवायचं नाही.

आणि हे यूपीएसवरच करा. पावसात खानापूरची लाईट कधी जाईल सांगता येत नाही. बायोस अर्धवट लिहिला गेला आणि बोर्डावर फ्लॅशबॅक नसेल तर चिप काढून प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर लिहावी लागते.

बटण नसेल तर ज्याला जुना बायोस ओळखतो असा एएम ४ (तुमच्या बोर्डाच्याच सॉकेटचा) प्रोसेसर तासाभरासाठी मिळवायचा. रायझन ३ २२०० जी सगळ्यात सोयीचा: फेब्रुवारी २०१८ चा, म्हणजे बी ४५० च्या आधीचा, त्यामुळं कुठल्याही बी ४५० वर चालतो आणि त्यात ग्राफिक्स आहेत. ॲथलॉन ३००० जी स्वस्तात मिळतो खरा, पण तो नोव्हेंबर २०१९ चा. बोर्ड त्याहून जुना निघाला तर परत तीच रड. बेळगावात किंवा कोल्हापुरात जुनी एएम ४ मशीनं दुरुस्तीला येतात अशा दुकानात फक्त बोर्ड घेऊन जा, बायोस अपडेट करून देतात.

खानापूरकर_२१

स्टिकर नाही. फ्लॅशबॅकचं बटणही नाही. ८ पिनची केबल बरोबर लागलीय, लॉक बसलाय. २२०० जी एका मित्राकडं आहे, चालेल म्हणता?

मल्टिमीटरनं मशीनच्या पॉईंटवर मोजलं, मशीन लावलेलं असताना: फेज-न्यूट्रल २२८ व्होल्ट, फेज-अर्थ १०५, न्यूट्रल-अर्थ ११८.

वायरमन_शहापूर

तुमच्या पॉईंटला आर्थिंग नाही. आकडेच सांगतात.

एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातला एक कपॅसिटर फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेला. अर्थ जोडलेला असेल तर ही गळती गपचूप जमिनीत जाते. अर्थ तुटलेला असला की बॉडी दोन्हींच्या मध्ये लटकते, २३० च्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. नीट आर्थिंग असेल तर फेज-अर्थचा आकडा फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला पाहिजे आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत.

आधी मेन बंद करून पॉईंट उघडा. पुष्कळदा हिरवी वायर आत नुसतीच गुंडाळून ठेवलेली असते. ती जोडलेली असेल तर यूपीएसला थ्री पिनचं टू पिन करणारा कन्व्हर्टर लावलाय का बघा. तेही नसेल तर मीटरजवळच्या अर्थपर्यंत वायर सलग आहे का ते तपासून घ्या. शेवटी आर्थिंगचा खड्डा. तुमच्याकडं जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात ती ठणठणीत कोरडी पडते आणि आर्थिंगचा जोर जातो. किमान अडीच मीटरचा जीआय पाईप घालून घ्या, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा.

आणि एक. कुणी सांगेल, 'पॉईंटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळा, झिणझिण्या जातात.' जातात खऱ्या. पण उद्या मागे कुठं न्यूट्रल तुटला की तुमच्या कॅबिनेटवर पुरे २३० व्होल्ट येतात, आणि ते कपॅसिटरमधून गाळून आलेले नसतात. असलं अजिबात करू नका. मेनला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्तानं बसवून घ्या.

निपाणी_सोल्डर

२२०० जी चालेल. मॉनिटरची केबल आता बोर्डाच्या एचडीएमआयला लावा, आरएक्स ६६०० काढूनच ठेवा.

कूलर काढताना घाई नको. ५६०० चा कूलर चार स्क्रूंवर असतो; समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जा. सुटल्यावर सरळ वर ओढू नका, आधी डावी-उजवीकडं हलका पिळा. एएम ४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, कूलरखालची थर्मल पेस्ट चिकटून राहिली तर लॉक लागलेला असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. प्रत्येक वेळी बसवताना नवी पेस्ट, मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढी.

बायोसमध्ये शिरून तिथल्याच फ्लॅश टूलनं अपडेट करा, विंडोजमधून नको. डाउनलोड पानावरची टीप वाचा: काही बोर्डांना थेट शेवटची आवृत्ती चालत नाही, मधली एक आधी टाकावी लागते. चिप १६ एमबीची असेल तर नव्या आवृत्तीत काही जुने प्रोसेसर वगळलेले असतात, म्हणून अपडेटनंतर २२०० जी वर डिस्प्ले आला नाही तरी दचकू नका.

मग ५६०० आणि कार्ड परत बसवा. रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये (दोनच स्लॉट असतील तर प्रश्न नाही). पहिल्या वेळी मिनिटभर काळा पडदा, एकदोनदा आपोआप बंद-चालू, हे चालतं. नंतर 'नवा सीपीयू, एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षा-किल्ल्यांचा साठा) रीसेट करू का' असं विचारेल. तुमच्या एनव्हीएमईवर अजून काही नाही, वाय दाबा. एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) लगेच चालू करू नका. तोवर रॅम २४०० किंवा २६६६ वर चालेल, चालू दे. विंडोज टाकून झालं की मग ३२०० करा, आणि मेमटेस्ट ८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावून बघा.

यूपीएसबद्दल: ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. कार्ड १३२ वॉटचं, प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ खेचतो, बाकी धरून २५० च्या आसपास. भागतं. तरी गेम चालू असताना लाईट गेली आणि मशीन बंद पडलं, तर एसएमपीएसला संशयात घेण्याआधी यूपीएसकडं बघा. साध्या यूपीएसची चौकोनी लहर आणि ॲक्टिव्ह पीएफसीचे (मेनमधून वीज एकसारखी खेचणारं सर्किट असलेले) एसएमपीएस यांचं भरल्या लोडवर नेहमी जमतंच असं नाही.